सॅटिन पोथॉस: पानं वळताहेत, आणि जुन्या पानांवरची चांदी वाढतेय. नेमकं काय चाललंय?

खिडकीतली_बाग (पुणे)

नमस्कार मंडळी. झाडाचं नाव सिंडॅप्सस पिक्टस, जात 'एक्झॉटिका'. नर्सरीतल्या चिठ्ठीवर मात्र 'सिल्व्हर मनी प्लांट' लिहिलं होतं. दोन वेली, मिळून १४ पानं. ६ इंची प्लॅस्टिकची कुंडी आहे आणि ती शोभेच्या सिरॅमिक भांड्यात ठेवलेली आहे. माती नर्सरीतून आली तीच, लाल. वरून दोन मुठी गांडूळखत घातलंय. जागा पश्चिमेच्या खिडकीपासून चार फुटांवर, मध्ये पातळ पडदा. रात्री एसी २५ वर असतो. पाणी दर दोन दिवसांनी चहाचा एक कप.

मार्च सुरू झाल्यापासून पानांच्या कडा आत वळायला लागल्या. काही पानं तर सुरळीच्या वडीसारखी गुंडाळली गेलीत. खालची तीन पानं पंधरा दिवसांत पिवळी पडली. शेंड्याला आलेली दोन नवी पानं वाकडी, कडेला तपकिरी. एकच गोष्ट बरी म्हणायची: मधल्या जुन्या पानांवर चांदीचे डाग आधीपेक्षा वाढलेत, देठाजवळ आणि शिरेच्या कडेने नवी चकाकी आलीय.

पाणी कमी पडतंय की जास्त होतंय? खोबरेल तेलाने पानं पुसली तर कडा मऊ पडतील का? आणि वेल कापून नवीन रोप करायचं तर कुठून कापायचं? घरात मांजर आहे, तिला यातून काही धोका आहे का तेही सांगा.

---

बाटलीतला_मनीप्लांट

एवढा विचार कशाला? मनी प्लांटच आहे तो. कडा वळल्या म्हणजे तहान लागलीय, रोज पाणी घाला. नाहीतर सरळ उपटून पाण्याच्या बाटलीत ठेवा, कुठेही जगतो.

---

कांदेनवमी (नाशिक)

रोज पाणी अजिबात घालू नका, थांबा जरा. मातीबद्दल इथे दुसरे कोणी माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला तुमच्या प्रश्नातली 'बरी' गोष्टच सगळ्यात वाईट वाटतेय.

या झाडाच्या पूर्ण उमललेल्या पानावर चांदी वाढत नाही. पान उलगडतं तेव्हा जी नक्षी असते तीच ते गळेपर्यंत राहते. कारण ही चांदी म्हणजे रंग नाहीच. पानाची वरची पातळ त्वचा आणि खालचा हिरवा थर यांच्यात त्या जागी हवेची बारीक पोकळी असते. उजेड त्या पोकळीवरून परत फिरतो आणि डोळ्याला चंदेरी दिसतं. हिरवा थर खाली शाबूत असतो. अॅल्युमिनियम प्लांट म्हणून विकतात त्या पिलियाचं आणि चंदेरी बेगोनियांचंही असंच. तेव्हा जुन्या पानावर नवी चांदी दिसली, की ती झाडाने केलेली नसून कोणीतरी केलेली आहे असं समजायचं.

कोणीतरी म्हणजे फुलकिडे, इंग्रजीत थ्रिप्स म्हणतात ते. कांदा पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. फुलकिड्यांनी पात खरवडून रस शोषला की पातीवर पांढरट-चंदेरी रेघा उठतात. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते आणि ती चमकते. चांदीच्या झाडावर ही खोटी चांदी खपून जाते, म्हणून या झाडात फुलकिडे फार उशिरा लक्षात येतात.

खरी-खोटी ओळखायला सोनार लागत नाही. संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च पानाच्या मागून लावा आणि समोरून बघा. खरी चांदी असलेली जागा मागून उजेड पडला की बाकीच्या पानाइतकीच हिरवी दिसते, कारण हिरवा थर तिथेही आहे. फुलकिड्यांनी खाल्लेली जागा फिकट, झिरझिरीत दिसते. मग पान उलटं करा. खरी चांदी फक्त वरच्या बाजूला असते. खोटी खालच्या बाजूलाही असते, बहुतेक मधल्या शिरेला लागून, आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे काळे चकचकीत ठिपके असतात. ती त्यांची विष्ठा. ओल्या कापसाने पुसली तर निघते.

शेवटची खात्री कागदावर करा. पांढरा कागद पानाखाली धरून पानाला तीन-चार टिचक्या मारा आणि अर्धा मिनिट कागद हलवू नका. साधारण १ मिलिमीटर लांबीचे, तुटक्या दोऱ्यासारखे पिवळट किंवा तपकिरी-काळे तुकडे चालायला लागले तर तेच. पिवळट ती पिल्लं, गडद ते पंखवाले. नवी पानं वाकडी येण्याचं कारणही बहुतेक हेच. पान गुंडाळलेलं असतानाच आत शिरून खातात, मग उलगडताना खाल्लेली बाजू वाढत नाही आणि पान त्या बाजूला ओढलं जातं.

खोबरेल तेल नको. त्यावर धूळ बसते, रंध्रं बुजतात आणि सॅटिनसारखा पोत तेलकट होतो तो वेगळाच. पान पुसायचं तर जुन्या मलमलीचा ओला तुकडा घ्या, दुसऱ्या हाताचा तळवा पानाखाली धरा आणि देठाकडून टोकाकडे एकदाच हलका हात फिरवा. घासू नका. दाब पडला की ती हवेची पोकळी चेपते आणि तिथली चकाकी परत येत नाही.

---

ओंजळभर_माती

कांदेनवमींनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगते.

या झाडाची पानं दोन अगदी उलट कारणांनी सारखीच वळतात. माती कोरडी झाली तर वळतात, आणि माती सतत ओली राहून मुळं कुजली तरी वळतात. दुसऱ्या वेळी पाणी भरपूर असतं, ते वर ओढायला मूळच नसतं. म्हणून पान बघून पाणी घालू नका, कुंडी बघून घाला. पान कोरड्या मातीने वळलं असेल तर पाणी दिल्यावर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सरळ होतं. पाणी देऊनही दोन दिवस तसंच राहिलं तर मुळं गेलीत असं धरून चाला.

तुमच्या वर्णनात मला खटकलेल्या जागा सांगते. लाल माती बारीक असते, पाण्याने बसते आणि तिच्यात हवा उरत नाही. हे झाड मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं, झाडाच्या बुंध्यावर चढणारं. त्याच्या मुळांना सालीच्या फटी आणि पालापाचोळा यांची सवय, चिखलाची नाही. दुसरं, ते सिरॅमिकचं भांडं. त्याच्या तळाशी काय आहे ते आज उचलून बघा. तिसरं, दोन दिवसांनी एक कप. पाणी वाराप्रमाणे देऊ नये. बंद खोलीत, मध्यम उजेडात या झाडाला आठवड्यातून एकदाही पुरतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर पाणी दिल्यानंतर निथळून कुंडीचं वजन लिहून ठेवा, आणि तीन दिवस काही न घालता पुन्हा वजन करा. मग कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट ते फिकट पिवळं, दाबलं तर टणक लागतं. कुजलेलं तपकिरी, मऊ, आणि चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आतला दोरा हातात राहतो. वासही येतो, गटारासारखा.

बाटलीतला_मनीप्लांट, राग मानू नका, पण हा आपला नेहमीचा मनी प्लांट नव्हे. तो एपिप्रेम्नम, हा सिंडॅप्सस. कूळ एक, वंश वेगळा. याचं पान जाड आणि वाढ निम्म्याने हळू. पाण्यात याला मुळं फुटतात, पण कुजलेल्या मुळांसकट उपटून बाटलीत घातला तर ती कुज पाण्यात पसरून उरलेलं खोडही जाईल.

---

खिडकीतली_बाग (पुणे)

सगळं करून बघितलं.

कागदावर पाच किडे चालले, तीन पिवळे आणि दोन काळपट. टॉर्च लावल्यावर सहा पानांवरची 'नवी चांदी' झिरझिरीत दिसली. भांडं उचललं तर तळाशी दोन बोटं पाणी होतं.

वजन पाणी दिल्यानंतर १,९२० ग्रॅम, तीन दिवसांनी १,८६० ग्रॅम. गोळा काढला: कडेची मुळं बरी, मधली आणि तळची बहुतेक तपकिरी, तुम्ही म्हणालात तशी साल निघून दोरा हातात येतो. आता आधी काय करू, फवारणी की माती?

---

ओंजळभर_माती

तीन दिवसांत फक्त ६० ग्रॅम पाणी गेलं म्हणजे झाड जवळजवळ पीतच नाहीये. आधी माती. तसंही फुलकिड्यांची कोषावस्था बऱ्याच वेळा मातीत असते, तेव्हा जुनी माती घराबाहेर गेली की तोही भार कमी होतो. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

पहिलं काम विम्याचं: दोन्ही वेलींचे शेंडे नव्हे, मधला निरोगी भाग निवडा आणि त्यातून तीन-चार कलमं काढून ठेवा. मूळ झाड गेलं तरी जात हातात राहते. ही चांदी पांढऱ्या पट्ट्याच्या मनी प्लांटसारखी लहरी नसते, कलमात जशीच्या तशी उतरते. खोडावर जिथून पान निघतं त्याच्यासमोर किंवा किंचित खाली तपकिरी गाठ दिसते, कधी त्यातून छोटं हवाई मूळ डोकावत असतं. तो पेर. पेराच्या खाली १ सेंटिमीटर आणि वर १ सेंटिमीटर ठेवून कापा. प्रत्येक तुकड्याला एक पेर आणि एक पान पुरतं. दोन पेरांचा तुकडा अधिक खात्रीचा. नुसतं पान देठासह पाण्यात ठेवलं तर मुळं फुटू शकतात, पण वेल कधीच होत नाही, कारण डोळा पेरात असतो. कात्री आधी स्पिरिटने पुसा आणि कापलेला भाग तासभर सुकू द्या.

पाण्यात ठेवायचं तर पेर बुडेल आणि पान वर राहील इतकंच पाणी. चार-पाच दिवसांनी बदला. २४ ते ३० अंशांत तीन ते पाच आठवडे लागतात. मनी प्लांट दहा दिवसांत मुळं दाखवतो, त्यामुळे लोक याला मेलेलं समजून फेकतात. मुळं ४-५ सेंटिमीटर झाली की लावा, त्याहून जास्त वाढवू नका. पाण्यातलं लांब मूळ मातीत रुळायला कुरकुरतं. मला स्वतःला पाण्यापेक्षा स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) पसंत आहे. मॉस भिजवून, पिळलेल्या फडक्याइतकं ओलं ठेवून झाकणाच्या पारदर्शक डब्यात पेर टेकवून ठेवायचा, रोज एकदा झाकण उघडायचं.

आता मूळ झाड. माती हाताने सोडवा, उरलेली कोमट पाण्यात हलवून काढा. तपकिरी मऊ मुळं सगळी कापा, दया नको. पांढरी ठेवा. दालचिनी पूड मुळांवर भुरभुरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. खोडाच्या कापावर चिमूटभर चालेल, मुळांवर नको. ती मुळं सुकवते.

कुंडी लहान करा. मुळं निम्मी झालीत तर ६ इंचीत परत लावून उपयोग नाही. मुळं पोचत नाहीत तिथली ओल तशीच राहते. ५ इंची घ्या, मुळं फारच कमी उरली तर ४ इंची. ५ इंचीला २०० मिलीच्या वाटीने हे मिश्रण पुरतं: दोन वाट्या भिजवलेला कोकोपीट, दोन वाट्या नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे, एक वाटी पर्लाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे), अर्धी वाटी लाकडी कोळशाचा चुरा, अर्धी वाटी चाळलेलं गांडूळखत. पर्लाइट ओला करूनच मिसळा, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. कोकोपीट आणि सोडणं दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं आणि त्यात मीठही असतं. न धुता वापरलं तर पानांची टोकं जळतात आणि दोष खताला जातो.

लावल्यावर एकदाच भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या, निथळू द्या, वजन लिहा. त्यानंतर वरची ४ सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागेपर्यंत काही नाही. सहा आठवडे खत नाही. मग १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाश खत) एक लिटरला अर्धा ग्रॅम, ओल्या मातीत, वीस दिवसांनी एकदा, ऑक्टोबरपर्यंत. शेतीची मात्रा कुंडीत ओतू नका.

---

कांदेनवमी (नाशिक)

वरच्याला एक पुरवणी: कलमांवरही फुलकिड्यांची अंडी असणार, तेव्हा ती 'स्वच्छ' समजून दुसऱ्या झाडांशेजारी ठेवू नका. सगळंच महिनाभर वेगळ्या खोलीत.

अंडी पानाच्या आत, त्वचेखाली घातलेली असतात. त्यांच्यावर कुठलंही फवारणीचं औषध चालत नाही. पिल्लं आणि प्रौढ पानावर असतात, तेवढेच मरतात. मधली अवस्था मातीत किंवा फटीत लपते. आत्ताच्या उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे एकदा जोरात फवारून भागत नाही. थोड्या मात्रेने, ठरलेल्या अंतराने, चार वेळा फवारायचं. लोक पहिल्या फवारणीनंतर किडे दिसेनासे झाले की थांबतात आणि तिसऱ्या आठवड्यात परत इथे धागा काढतात.

कुंडी बदलायच्या आधी, त्याच दिवशी: कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून झाड आडवं धरा आणि नळाखाली पानांची खालची बाजू बोटाने हलकेच धुवा. जास्त खाल्लेली पानं आणि ती वाकडी दोन कापून पिशवीत बंद करून फेका. मात्र सहाही पानं एका दमात काढू नका, मुळं तोडलेल्या झाडाला अन्न करायला काहीतरी हवं. सगळ्यात वाईट तीन पुरे.

तिसऱ्या दिवशी निंबोळी तेल. १ लिटर कोमट पाण्यात आधी १ मिली सौम्य लिक्विड सोप ढवळा, मग ३ मिली तेल. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं आणि एकाच पानावर सगळं तेल बसून ते भाजतं. दुधाळ रंग आला पाहिजे. तास-दोन तासांत वापरा, उरलेलं ठेवू नका. आधी एका पानावर मारून २४ तास वाट बघा, या सॅटिन पानांना साबण कधी कधी सोसत नाही. फवारणी संध्याकाळी, ऊन गेल्यावर. खोली तापलेली असेल तर नाही. पानाची खालची बाजू आणि शेंड्याची सुरळी ओली झालीच पाहिजे.

नवव्या दिवशी स्पिनोसॅड हे कीटकनाशक. ४५ टक्क्यांचं मिळतं ते १ लिटरला ०.३ मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या फवारणीच्या बाटलीला ०.१५ मिली. थेंब मोजू नका, बिनसुईच्या १ मिली सिरिंजने घ्या आणि ती सिरिंज नंतर फेकून द्या. हे काम बाल्कनीत, हातमोजे आणि मास्क लावून. वाळेपर्यंत मांजर लांब. मधमाश्यांना हे घातक आहे, तेव्हा शेजारी तुळस किंवा फुलझाडं असतील तर झाड तिथून हलवा. पंधराव्या दिवशी पुन्हा निंबोळी, एकविसाव्या दिवशी पुन्हा स्पिनोसॅड. सत्ताविसाव्या दिवशी कागदाची चाचणी. सलग स्पिनोसॅडच मारत राहिलात तर किडे त्याला सरावतात.

निळा चिकट सापळा कुंडीत खोचून ठेवा, पिवळा नको. पिवळ्यावर मातीतली चिलटं भरपूर येतात, पण फुलकिडे निळ्यावर जास्त येतात. सापळ्याने बंदोबस्त होत नाही, फक्त अजून शिल्लक आहेत का हे कळतं.

खाल्लेल्या पानावरचा डाग भरून येणार नाही. बरं झाल्याची खूण म्हणून जुनी पानं बघू नका, नवीन पान सरळ उलगडतं का ते बघा. शेंड्यातली सुरळी अडकल्यासारखी वाटली तरी हाताने उलगडू नका.

---

संत्र्याचं_झाड (नागपूर)

विदर्भातल्या लोकांसाठी थोडी भर. उन्हाळ्यात कूलर असलेल्या खोलीत हे झाड एसीपेक्षा कितीतरी बरं राहतं, हवा दमट असते. फक्त कूलरच्या झोताच्या सरळ रेषेत नको. एसी असेल तर झोत झाडावर येतो का ते एकदा बघा: व्हेंटसमोर टिश्यू पेपर धरून झाडाच्या जागेपर्यंत चालत या, कागद हलतोय तिथे झाड नको.

दुसरं म्हणजे पाणी. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरी खपली जमते आणि पानांची टोकं तपकिरी होतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं गोडं पाणी हळूहळू ओतून वाहून जाऊ द्या. आरओच्या फेकायच्या नळीचं पाणी झाडाला घालू नका. काटकसर म्हणून बरेच जण घालतात, त्यात क्षार उलट जास्त असतात.

डिसेंबर-जानेवारीत खिडकीच्या काचेपासून झाड आत घ्या. १५ अंशांखाली हे झाड थांबतं, आणि गारठा लागलेल्या पानावर एक-दोन दिवसांनी गडद पाणचट डाग उठतात. तेव्हा लोक बुरशीनाशक मारतात, ज्याचा काही उपयोग नसतो.

---

मांडवीकाठ (पणजी)

किनारपट्टीवर गणित उलटं आहे. पावसाळ्यात हवेतच एवढं पाणी असतं की ५ इंची कुंडीला दहा-दहा दिवस पाणी लागत नाही. पानावर पाणी मारायची तर गरजच नाही. वारा न फिरणाऱ्या कोपऱ्यात पानावर पिवळ्या कडेचे काळपट ओले डाग दिसले की ते पान लगेच कापा आणि पंखा चालू ठेवा. पहाटे पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो, तो आजार नव्हे. माती ओली आणि हवा दमट असली की झाड रात्री जादा पाणी तिथून सोडतं.

उजेडाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून: पश्चिमेच्या खिडकीपासून चार फूट आणि वर पडदा, हा उजेड जगण्यापुरता आहे. दुपारी बारा वाजता झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं ओळखू येतील अशी पण कडा धूसर असलेली सावली हवी. सावलीच दिसत नसेल तर दोन फूट पुढे घ्या. मोबाईलच्या लक्स मीटरवर ३,००० ते ८,००० चांगलं. १,००० च्या खाली पेरांमधलं अंतर वाढत जातं आणि पानं लहान येतात. एप्रिल-मेचं दुपारचं थेट ऊन मात्र तासाभरातही पान भाजतं, म्हणून पडदा काढू नका.

आणि 'एक्झॉटिका'ची मोठी पानं हवी असतील तर वेल लोंबती ठेवू नका. लोंबत्या वेलीची पानं पुढे पुढे लहान होत जातात. खरखरीत फळी किंवा सोडणाची काठी देऊन वर चढवा. पेर काठीला टेकला आणि काठी ओलसर राहिली की मूळ चिकटतं आणि पुढचं पान मोठं येतं. 'अर्जिरीअस' नावाची बारीक ठिपक्यांची जात असते, ती लोंबतीच शोभते.

---

खिडकीतली_बाग (पुणे)

धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी धुणं, कापणं आणि कुंडी, सोमवारी पहिली निंबोळी. दोन गोष्टी राहिल्या: मांजर, आणि ते सिरॅमिकचं भांडं. भांडं सुंदर आहे हो, टाकवत नाही.

---

ओंजळभर_माती

मांजरीचं सांगायचं तर हे झाड अळू आणि सुरणाच्या कुळातलं. अळूची भाजी करताना चिंच किंवा आमसूल का घालतो ते आठवा. खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही आहेत. मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. तोंड पाण्याने पुसून काढा, स्वतःहून उलटी काढायला जाऊ नका आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. बहुतेक मांजरं पहिल्या चाव्यातच सोडून देतात, पण लोंबती वेल हे त्यांना खेळणं वाटतं, म्हणून मांडवीकाठ म्हणतात तशी वर चढवलेलीच बरी. कलमं कापताना चीक हाताला लागला तर डोळे चोळू नका.

भांडं ठेवा की. तळाशी एक छोटी वाटी पालथी घाला, म्हणजे आतली कुंडी ३ सेंटिमीटर उंच राहील. पाणी सिंकमध्ये नेऊन द्यायचं, पंधरा मिनिटं निथळू द्यायचं, मगच कुंडी भांड्यात. तरी शुक्रवारी एकदा उचलून बघाच, कारण तळाच्या दोन बोटं पाण्यात नुसती मुळं कुजत नाहीत, डासही अंडी घालतात. बाटलीतला_मनीप्लांट, हे तुमच्यासाठीही आहे. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डेंग्यूच्या तपासणीला आली की आधी मनी प्लांटच्या बाटलीतच डोकावतात.

---

बाटलीतला_मनीप्लांट

डोकावली होती. आता आठवड्याला बदलतो पाणी.

---

कांदेनवमी (नाशिक)

बदलताना बाटलीची आतली बाजू ब्रशने घासा. अंडी काचेला, पाण्याच्या रेषेवर चिकटतात, नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत.